प्राण्यांचं अनुकूलन हा उत्क्रांतीचा पुरावा धरता येतो का?

नदीकाठ

उत्क्रांतीचा पुरावा द्या म्हटलं की सगळ्यात आधी अनुकूलनाची उदाहरणं पुढे येतात. ध्रुवीय अस्वलाची पांढरी फर, वाळक्या काडीसारखा दिसणारा कीटक, फुलात नेमकी बसणारी हमिंगबर्डची चोच. उत्क्रांती झाली याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती या उदाहरणांबद्दल: वादात ती पुरावा म्हणून टिकतात का?

इंग्रज धर्मशास्त्री विल्यम पेली यांनी १८०२ साली अशाच उदाहरणांवरून बरोबर उलटा निष्कर्ष काढला होता. इतकी नेमकी जुळणी आहे, तर ती कोणीतरी योजूनच केली असणार, असा. एकाच निरीक्षणावरून दोन विरुद्ध निष्कर्ष निघत असतील तर ते निरीक्षण कोणाच्याच कामाचं नाही. त्यात उत्क्रांती न मानणारेसुद्धा हल्ली "प्रजातीच्या आत थोडंफार अनुकूलन होतं" हे मान्य करतात, म्हणजे तिथे वाद उरतच नाही. आणि "लायक तो टिकतो" व "टिकला म्हणून लायक" हा गोल गोल युक्तिवाद वाटतो तो वेगळाच.

इंग्लंडमधल्या काळ्या-पांढऱ्या पतंगाचं उदाहरण तर हमखास येतं: कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळी पडली, तिथे काळे पतंग पक्ष्यांच्या नजरेतून सुटले आणि वाढले. पण त्याचे खोडावरचे फोटो मेलेले पतंग लावून काढले होते, असा आक्षेप आहे. मग ते उदाहरण द्यावं की सोडून द्यावं?

शिंपला

पेलींबद्दलचा मुद्दा मान्य. एखादा प्राणी आपल्या परिसराला शोभतो, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण ती जुळणी येताना, बदलताना आणि मोडताना मोजता येते, आणि पुरावा आहे तो या मोजमापात. त्यासाठी चार गोष्टी वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात: त्या गुणात प्राण्याप्राण्यांत फरक आहे, फरक वारशाने पिल्लांत उतरतो, त्या फरकामुळे जगण्यावर किंवा वीण होण्यावर परिणाम होतो, आणि पुढच्या पिढीत गुणाचं प्रमाण खरोखर सरकलेलं आहे. बहुतेक लोकप्रिय उदाहरणांत यातली एखादीच दाखवलेली असते, बाकीच्या गृहीत धरलेल्या असतात.

चारही एकत्र पाहायच्या असतील तर गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावरचं पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांचं काम बघा. १९७३ पासून त्यांनी तिथल्या मध्यम जमिनी फिंच या बिया खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांना पायात कडी घालून एकेकाची चोच मोजली. १९७७ च्या दुष्काळात लहान मऊ बिया संपल्या. उरली ती प्रामुख्याने ट्रिब्युलसची, म्हणजे गोखरूच्या वर्गातली, टणक काटेरी फळं. सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. जगलेल्यांची चोच सरासरीने साधारण अर्धा मिलिमीटर जास्त खोल, म्हणजे वरून खालपर्यंत जाड, होती. आता इथे थांबलं तर फक्त "निवड झाली" एवढंच कळतं. त्यांनी आई-बापांच्या चोचींची सरासरी एका अक्षावर आणि पिल्लांची दुसऱ्या अक्षावर मांडली होती. त्या रेषेचा चढ म्हणजे आनुवंशिकता, आणि चोचीच्या खोलीसाठी ती बरीच जास्त निघाली. पुढची पिढीही खोल चोचीचीच आली.

यात एक साधं सूत्र आहे: पिढीतला बदल = आनुवंशिकता × निवडीचा फरक (जगून पिल्लं देणाऱ्यांची सरासरी वजा मूळ सरासरी). समजा मूळ सरासरी ९.४ मिमी, जगून पिल्लं देणाऱ्यांची ९.९ मिमी, आनुवंशिकता ०.८. तर पुढच्या पिढीची सरासरी ९.८ मिमीच्या आसपास यायला हवी. पिल्लं वाढण्याआधीच हा आकडा सांगता येतो, आणि तो चुकूही शकतो. तुमचा गोल युक्तिवादाचा आक्षेप इथेच गळून पडतो, कारण "लायक" कोण हे टिकण्यावरून ठरवलेलं नाही. ते चोचीच्या मापावरून आणि बियांच्या टणकपणावरून आधीच ठरलेलं आहे.

१९८२-८३ च्या एल निन्योत धो धो पाऊस पडून लहान बियांचा सुकाळ झाला आणि त्यानंतर निवडीची दिशा उलटली. हे उलटणं मला पहिल्या बदलाइतकंच मोलाचं वाटतं.

पतंगाबद्दल: उदाहरण सोडू नका, पण जुन्या स्वरूपात देऊ नका. काळा प्रकार मँचेस्टरला १८४८ मध्ये नोंदला गेला आणि १८९५ पर्यंत तिथे तो सुमारे ९८ टक्के झाला होता. पक्षी कोणत्या रंगाचे पतंग जास्त खातात हे पाहायला केटलवेल यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत खऱ्या उणिवा होत्या. पतंग दिवसा खोडांवर सोडले होते आणि तेही नैसर्गिकपेक्षा जास्त दाटीने. खोडावरचे फोटो तर फक्त दोन रंग शेजारी दाखवायला काढलेले होते, निष्कर्ष त्यांच्यावर उभा नव्हता. मायकेल मॅजेरस यांनी २००१ पासून सहा वर्षं हाच प्रयोग नीट करून पाहिला. रात्री सोडलेले ४,८६४ पतंग, पतंगांनी स्वतः निवडलेल्या जागा, आणि पक्षी त्यांना खाताना प्रत्यक्ष पाहिलेले. हवा तोवर स्वच्छ झाली होती, त्यामुळे आता काळे तोट्यात असायला हवे होते, आणि होते: त्यांचा रोजचा टिकाव फिक्यांच्या सुमारे ९१ टक्के. झाडांवर चढून शोधलेल्या जंगली पतंगांपैकी साधारण निम्मे फांद्यांवर आणि एक तृतीयांशाहून थोडे अधिक खोडांवर बसलेले सापडले, म्हणजे "ते खोडावर बसतच नाहीत" हेही खरं नाही. मग २०१६ मध्ये काळ्या रंगाचं मूळ सापडलं: कॉर्टेक्स नावाच्या जनुकात घुसलेला सुमारे २२,००० अक्षरांचा, जागा बदलणारा डीएनएचा तुकडा. आजूबाजूच्या डीएनएवरून हा बदल १८१९ च्या सुमारास झाला असावा असा अंदाज निघतो, म्हणजे पहिल्या नोंदीच्या थोडा आधी.

तिरपी रेघ

माहिती छान. पण तुमची दोन्ही उदाहरणं विरोधकाला आयतीच मिळतात. फिंच फिंचच राहिला, चोच इकडून तिकडे झुलली आणि परत आली. पतंग पतंगच राहिला, आणि काळे आता पुन्हा जवळपास नाहीसे झाले. यावरून "सर्व प्राण्यांचा पूर्वज समान" इथपर्यंत कसं पोचणार? नैसर्गिक निवड ही यंत्रणा काम करते हे सिद्ध झालं, पण मोठी रचना याच यंत्रणेने उभी राहिली हे सिद्ध झालं नाही. पेलींचा अनुयायी म्हणेल, योजकाने प्राण्यांना थोडं जुळवून घेता येईल अशी सोय करून ठेवली आहे.

खंड्या

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आणखी फिंच मोजून मिळणार नाही. अनुकूलन *कशापासून* बनलं आहे ते पाहावं लागतं. योजून केलेल्या वस्तूत आणि जुन्यातून जमवलेल्या वस्तूत फरक असतो, आणि डीएनएमध्ये तो स्पष्ट दिसतो.

माझ्या मते यासाठी अंटार्क्टिकाच्या माशांइतकं चांगलं उदाहरण नाही. दक्षिण महासागराचं पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. बहुतेक सागरी माशांचं रक्त उणे ०.७ ते ०.८ च्या आसपासच गोठतं. तरीही तिथले नोटोथेनिऑइड मासे मजेत पोहतात, कारण त्यांच्या रक्तात एक गोठणरोधक प्रथिन असतं. बर्फाचा बारीक स्फटिक शरीरात शिरला की हे प्रथिन त्याला चिकटतं आणि त्याची वाढ रोखतं. इथपर्यंत ही पेलींना आवडेल अशी गोष्ट झाली.

आता त्याचं जनुक उघडून पाहा. १९९७ मध्ये चेन, डीव्ह्रीज आणि चेंग यांनी दाखवलं की त्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग ट्रिप्सिनोजेनच्या जनुकाशी जुळतो. ट्रिप्सिनोजेन म्हणजे स्वादुपिंडातून पचनासाठी स्रवणाऱ्या एन्झाइमचं आधीचं रूप; गोठण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मधला भाग म्हणजे थ्रिओनिन-ॲलानिन-ॲलानिन या तीन अमिनो आम्लांचीच पुन्हा पुन्हा उजळणी. ती ज्या नऊ अक्षरांच्या तुकड्यातून वाढली तो तुकडा ट्रिप्सिनोजेनच्या जनुकात, पहिला इंट्रॉन (प्रथिनात न उतरणारा भाग) संपून दुसरा एक्झॉन (प्रथिनात उतरणारा भाग) सुरू होतो त्या सीमेवर, आधीपासून होता. प्रथिन पेशीबाहेर पाठवण्याची खूण जुन्या जनुकाने पुरवली, मधला भाग नक्कल होत होत लांबला. पुढे अंटार्क्टिकाच्या मोठ्या टूथफिशमध्ये अर्धवट अवस्थेतलं संकरित जनुकही सापडलं: एकाच जनुकात गोठणरोधक भाग आणि पाचक एन्झाइमचा भाग दोन्ही.

उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांतही जवळजवळ असंच, त्याच तीन अमिनो आम्लांच्या उजळणीचं प्रथिन आहे. हे मासे नोटोथेनिऑइडांचे जवळचे नातलग नाहीत. प्रथिन सारखं, काम सारखं, पण कॉडच्या जनुकात ट्रिप्सिनोजेनचा मागमूस नाही. ते डीएनएच्या ज्या भागातून आलं तो भाग पूर्वी प्रथिनच बनवत नव्हता. गरज सारखी होती, हाताशी असलेला माल वेगळा होता. एकाच योजकाने एकाच अडचणीवर एकच उत्तर दिलं असतं तर दोन्हीकडे सारखंच जनुक सापडायला काय हरकत होती? वंशवृक्षाच्या दोन दूरच्या फांद्यांवर स्वतंत्रपणे अनुकूलन झालं असेल तर मात्र नेमकं असंच दिसायला हवं.

याच गटात आइसफिश येतात, १६ प्रजाती. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही. रक्त पाण्यासारखं दिसतं. प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची क्षमता लाल रक्ताच्या नातलगांच्या दहा टक्क्यांहूनही कमी. ती भरून काढायला मोठं हृदय आणि कितीतरी जास्त रक्त लागतं. अतिथंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो म्हणून हे निभावतं. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा दोन ग्लोबिन प्रथिनांचं बनतं. बहुतेक आइसफिशमध्ये बीटा-ग्लोबिनचं जनुक पूर्ण गेलेलं आहे, पण अल्फा-ग्लोबिनच्या जनुकाचा तुटका शेवट अजून डीएनएत पडून आहे, निकामी. १६ पैकी सहा प्रजातींच्या हृदयातलं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन, तेही गेलं आहे, आणि तेही सगळ्यांत एकाच बिघाडाने गेलेलं नाही. "ज्याला रक्तात लाल पेशींची गरज नाही असा मासा" योजला असता तर त्यात मोडक्या ग्लोबिनचा तुकडा ठेवण्याचं काही कारण नव्हतं. तो तुकडा सांगतो की या माशांचे पूर्वज लाल रक्ताचे होते.

म्हणून तिरपी रेघ यांना माझं उत्तर असं: पुरावा म्हणून सगळ्यात कमकुवत अनुकूलन ते, जे निर्दोष दिसतं. ज्यात जोड, ठिगळं आणि मोडतोड दिसते ते सगळ्यात बळकट.

नदीकाठ

खंड्या, हे उदाहरण मला माहीतच नव्हतं, मनापासून आभार. एक उपप्रश्न. गुहेतल्या आंधळ्या माशांचं काय? "न वापरल्याने डोळे गेले" असं सर्रास म्हटलं जातं, ते तर लामार्कचं, म्हणजे वापराने किंवा न वापरण्याने आयुष्यात झालेला बदल पिल्लांत उतरतो असं म्हणणं, झालं ना?

खंड्या

हो, तसं म्हणणं चूकच. मेक्सिकोतला ॲस्टियानॅक्स मासा घ्या. नद्यांमध्ये डोळस, आणि सुमारे ३० गुहांमध्ये आंधळा. आंधळ्या माशाच्या गर्भात डोळा बनायला सुरुवात होते, भिंग तयार होतं, मग भिंगातल्या पेशी मरू लागतात आणि डोळा आत खचून कातडीखाली जातो. २००० साली यामामोटो आणि जेफ्री यांनी डोळस माशाच्या गर्भाचं भिंग आंधळ्या माशाच्या गर्भात बसवलं, तर त्या बाजूचा डोळा वाढला. म्हणजे डोळा बांधण्याची बाकीची सगळी तयारी अजून शाबूत आहे.

त्याहून चांगली गोष्ट संकराची. दोन वेगवेगळ्या गुहांतले दोन्ही आंधळे मासे एकत्र आणले तर त्यांच्या काही पिल्लांना दिसतं. कारण दोन गुहांत वेगवेगळी जनुकं बिघडली होती; पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक चांगली प्रत कुठल्या ना कुठल्या पालकाकडून मिळते. गुहा एकमेकींपासून जितक्या दूर, तितकी डोळस पिल्लं जास्त. "प्रत्येक गुहेसाठी आंधळा मासा योजला" या म्हणण्याला हा निकाल समजावून सांगता येत नाही.

मोजपट्टी

वर चांगली उदाहरणं आली आहेत, पण अनुकूलनाचं प्रत्येक उदाहरण या तोडीचं नसतं. वादात कमजोर उदाहरण दिलं की चांगल्या उदाहरणांवरचाही विश्वास उडतो, म्हणून कुठे गफलत होते ते लिहितो.

पहिली आणि सगळ्यात मोठी गफलत: एकाच प्राण्यात परिस्थितीनुसार होणारा बदल उत्क्रांती म्हणून खपवला जातो. स्नोशू ससा दिवसाची लांबी घटली की पांढरा होतो. ससा तोच, जनुकं तीच. पाणपिसू जवळ शिकाऱ्याचा वास आला की डोक्यावर टोपीसारखा उंचवटा वाढवतो. असं बदलण्याची *क्षमता* उत्क्रांत झालेली आहे, पण बदललेलं रूप हा काही उत्क्रांतीचा टप्पा नाही. गिर्यारोहकाच्या लाल पेशी वाढणंही यातलंच.

हे वेगळं काढायला "कॉमन गार्डन" चाचणी करतात. दोन ठिकाणचे प्राणी एकाच जागी, एकाच तापमानाला, मोजून दिलेल्या सारख्या अन्नावर वाढवायचे, आणि मोजमाप त्यांच्या *नातवंडांवर* करायचं. एकच पिढी पुरत नाही, कारण आईची तब्येत, अंड्याचा आकार, तिला मिळालेलं अन्न यांचा ठसा पिल्लांवर राहतो. दोन पिढ्यांत तो बराचसा धुऊन निघतो. टाक्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, कारण खिडकीजवळची टाकी जरा गरमच असते. मोजणाऱ्याला कोणता मासा कुठला ते माहीत असता कामा नये. वाढवताना किती मेले याची नोंद ठेवायची. एका गटातले जास्त मेले तर निवड तुमच्या टाकीतच होऊन बसते.

त्रिनिदादच्या गप्पी माशांवरचं काम या कसोटीला उतरतं. १९७६ मध्ये मोठ्या गप्पींना खाणाऱ्या शिकाऱ्यांच्या पट्ट्यातून काही गप्पी आरिपो नदीच्या अशा भागात सोडले, जिथे शिकारी लहान पिल्लंच खातो. अंदाज आधीच बांधलेला होता: आता उशिरा आणि मोठं होऊन प्रौढ होणं फायद्याचं ठरेल. ११ वर्षांनी, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांनी, प्रयोगशाळेत दोन पिढ्या वाढवून पाहिलं. मासे खरंच उशिरा, मोठ्या आकाराला प्रौढ होत होते, आणि त्यांची पिल्लं कमी पण मोठी होती.

आता तुलनेसाठी पॉड म्रचारू बेटावरच्या सरड्यांचं उदाहरण. १९७१ मध्ये ॲड्रियाटिक समुद्रातल्या या बेटावर सरड्यांच्या पाच जोड्या सोडल्या. छत्तीस वर्षांनी त्यांच्या वंशजांचं डोकं मोठं झालेलं, आणि वनस्पती पचवायला आतड्यात झडपा आलेल्या. बातम्यांत हे "डोळ्यांदेखत उत्क्रांती" म्हणून गाजलं. पण २००८ च्या त्या अभ्यासात कॉमन गार्डन चाचणी नव्हती. अन्न बदललं तर आतडं एका आयुष्यातही बदलू शकतं. शक्यता दाट आहे, पण तो पुरावा गप्पींच्या पंक्तीला बसत नाही.

दुसरी गफलत: निवड दाखवून उत्क्रांती सिद्ध झाली असं समजणं. १८९८ च्या वादळानंतर अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ बंपस यांनी १३६ अर्धमेल्या चिमण्या गोळा केल्या. ७२ जगल्या, ६४ मेल्या, आणि जगलेल्या-मेलेल्यांच्या मापांत फरक निघाला. २०१७ च्या चक्रीवादळांनंतर कॅरिबियन बेटांवरच्या ॲनोल सरड्यांत उरलेल्यांची बोटांची पकड घेणारी गादी मोठी होती. दोन्ही निवडीची सुंदर उदाहरणं, पण पिल्लांत काय उतरलं हे मोजल्याशिवाय पुढचं वाक्य लिहायचं नाही.

आई-बाप आणि पिल्लं यांच्या रेषेतही खाचखळगे आहेत. एकाच घरट्यात वाढल्यामुळे पिल्लं पालकांसारखी होत असतील तर आनुवंशिकता फुगून दिसते. म्हणून अंडी दुसऱ्या घरट्यात बदलून ठेवतात. उलट, घरट्यातला नर पिल्लांचा खरा बाप नसेल तर ती कमी दिसते. आता डीएनए चाचणीने ते तपासतात.

तिसरी गफलत योगायोगाची. लहान समूहात जनुकांचं प्रमाण निवडीशिवायही सरकतं. याला उत्तर म्हणजे स्वतंत्र समूहांत तोच बदल पुन्हा पुन्हा सापडणं. हिमयुगानंतर समुद्रातून तळ्यांत अडकलेले स्टिकलबॅक मासे यासाठी उत्तम. कित्येक तळ्यांत त्यांचे पोटाखालचे काटे गेले आहेत. कारण पिटएक्स१ जनुकाला पोटाच्या भागात चालू करणारा डीएनएचा तुकडा गळाला आहे. जनुक स्वतः शाबूत आहे. वेगवेगळ्या तळ्यांत हा तुकडा वेगवेगळ्या सीमांवर तुटला आहे, म्हणजे घटना स्वतंत्र. आणि तो तुकडा काटे नसलेल्या माशात परत घातला तर पोटाचा सांगाडा पुन्हा वाढतो. २०१० चं हे काम आहे.

तिरपी रेघ

खंड्यांचं उत्तर मला पटलं. समान पूर्वजाचा पुरावा जुळणीत नसून तिच्यातल्या अवशेषांत आहे, हे मी जसंच्या तसं वापरीन. पण "फिंच फिंचच राहिला" याला काही थेट उत्तर आहे का? नव्या प्रजातीकडे जाणारी वाट अनुकूलनातून निघताना कुणी पाहिली आहे?

शिंपला

पाहिली आहे, आणि तीही डॅफ्नी मेजरवरच. १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरून एक मोठा नर तिथे आला. त्याचं गाणं वेगळं, चोच वेगळी. त्याने स्थानिक मध्यम जमिनी फिंच मादीशी जोडी जमवली आणि दोन-तीन पिढ्यांतच त्याचे वंशज आपसांतच जोड्या लावू लागले; स्थानिक माद्या त्यांच्या गाण्याला दाद देत नव्हत्या. त्यांच्या चोचीचा आकार बेटावरच्या बाकी प्रजातींच्या मधल्या रिकाम्या जागेत बसतो. वंश टिकेल की नाही हा वेगळा प्रश्न. पण प्रजननाची भिंत उभी राहताना प्रत्येक पक्षी ओळखून नोंदला गेला.

अनुकूलनातूनच ही भिंत कशी येते ते सफरचंदाच्या अळीमाशीत, ऱ्हॅगोलेटिसमध्ये, जास्त चांगलं दिसतं. उत्तर अमेरिकेत ती मूळची हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर. सफरचंद युरोपातून आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही माश्या त्यावर अंडी घालू लागल्या. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं आणि माशी फळावरच जोडी जमवते. त्यामुळे ज्या माश्या लवकर कोषातून बाहेर येतात त्यांना लवकर आलेलेच जोडीदार भेटतात. दोन गटांत आता दर पिढीत सुमारे ४ ते ६ टक्केच सरमिसळ होते. त्या पूर्ण वेगळ्या प्रजाती झालेल्या नाहीत, म्हणून कुणी "माशी माशीच राहिली" म्हणेल. त्याला विचारा: सरमिसळ किती टक्क्यांवर आली की तुम्ही दोन प्रजाती मानाल? तो आकडा आधी सांगू दे. मग तो मोजता येईल.